अडकित्त्याची तीट

परवा सुनेनं मला नवा मोबाईल आणून दिला. मी तो हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला आणि कमरेच्या किल्लीनं त्याच्या कडेवर एक ओरखडा काढला. सून किंचाळलीच. "अहो आई, हे काय केलंत? वॉरंटी जाईल ना!" मी म्हटलं, "जात नाही गं. हा खटला आम्ही पालघरला कधीच जिंकलोय." ती माझ्याकडे अशी बघायला लागली, की आता डॉक्टरांना फोन करावा की काय. तिचंही चुकलं नाही म्हणा. काकी कोण हे ज्याला ठाऊक नाही, त्याला मी वेडीच वाटणार.

काकीचं नाव मी सांगणार नाही. सांगितलेलं तिला आवडलंही नसतं. "चांगल्याचा नाव फार घेऊ नये, नदर लागते," असं तीच म्हणायची. दांडी गावात तिला सगळे तीटबाय म्हणायचे, समोर आणि पाठीमागेही. मी तिच्याकडे भाड्यानं राहायचे आणि तिला काकी म्हणायचे.

साठच्या दशकातली गोष्ट. मी शाळामास्तरीण म्हणून दांडीला गेले, तेव्हा पलीकडे घिवलीच्या अंगाला विजेच्या केंद्राचं काम निघालं होतं. दिवसभर ट्रकांची धूळ. बोईसर स्टेशनावर उतरलं की कानावर आधी हिंदी पडायचं. शेजारी एवढी वीज तयार होणार म्हणे, आणि आमच्या दांडीत मात्र संध्याकाळ झाली की कंदिलाच्या काचा पुसायच्या. काकीला याचं जाम हसू यायचं. "जेवन शेजारच्या घरात शिजताय, आनि आमी वास घेत बसलोय," म्हणायची.

मी केळव्याची. आमचं घर बागायतदारांचं आणि कडक टापटिपीचं. पुस्तकाला कव्हर घातल्याशिवाय मी ते वाचायला घेत नसे. नोकरी लागली म्हणून वडिलांनी मला नवी ट्रंक घेऊन दिली होती, काळी कुळकुळीत, झाकणावर पांढऱ्या रंगात माझं नाव. ती ट्रंक मी काकीच्या पडवीत ठेवली. काकी तिच्याभोवती एक फेरी मारून आली. आडव्या बांध्याची बाई, पानानं रंगलेलं तोंड, अंबाड्यात फूल, कमरेला पानाची चंची आणि चंचीत भला जाडजूड पितळी अडकित्ता.

"जाम चकचकीत हाय," ती म्हणाली.

मला वाटलं कौतुक करते आहे. मी म्हटलं, "हो, नवीनच आहे."

"तेच बोलते मी." असं म्हणून तिनं अडकित्ता काढला आणि त्याच्या दांड्यानं ट्रंकेच्या झाकणावर एक सणसणीत ठोका हाणला. माझ्या नावातल्या दुसऱ्या अक्षराच्या बाजूला पोचा आला. मी रडले. लाज वाटायचं कारण नाही, चांगली हुंदके देऊन रडले. काकीनं मला कोरा चहा दिला, शेजारी बसली आणि पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "आता कशी, आपल्या घरातली झाली. आता कोनी बगली तरी काय नाय."

तिचं म्हणणं साधं होतं. लेकराला न्हाऊमाखू घालून गालावर काजळाचा टिपका लावतात. तो कशाला? लेकरू कुरूप दिसावं म्हणून नव्हे, कुणाची दृष्ट लागू नये म्हणून. मग वस्तूनं काय घोडं मारलंय? तीही नवी असते, लोक तिच्याकडेही बघत बसतात. तेव्हा नवी वस्तू घरात आली की आधी तिला थोडं बिघडवायचं, मग वापरायची. लाकूड असेल तर अडकित्त्यात धरून कोपऱ्याचा एक कपचा उडवायचा. पत्रा असेल तर ठोका. कापड असेल तर पदराआड एक धागा तोडायचा. प्रत्येक वस्तूवर तिची ती अर्ध्या चंद्रासारखी खूण असायची आणि अख्ख्या आळीत एक घर असं नव्हतं, जिथं ती सापडणार नाही.

माझ्या छत्रीची मूठ तिनं कातरली. शेजारणीच्या नव्या पाटाचा कोपरा कातरला. शाळेला पृथ्वीचा गोल आला, त्या दिवशी ती बोंबलांची पाटी डोक्यावर घेऊन मुद्दाम शाळेवरून गेली. मी फळ्यापाशी वळले तेवढ्यात तिनं गोलाला अडकित्त्याच्या टोकानं टोचा मारला. हेडमास्तर धावत आले, "अहो बाई, सरकारी वस्तू आहे!" काकीनं शांतपणे पाटी सावरली. "मास्तर, पान्यातच टोचलाय. गाव नाय फोडला कोनाचा." आम्ही जवळ जाऊन पाहिलं तर खरंच, टोचा बरोबर समुद्रात होता. पुढे भूगोल शिकवताना मुलं तिथं बोट ठेवून "इथं तीटबायचा खड्डा" असं सांगायची आणि मीही त्यांना मार्क द्यायचे.

कशाचंही तोंडभर कौतुक करणं तिला मंजूर नव्हतं. 'बरा हाय' ही तिच्या तोंडची सगळ्यात मोठी पदवी. माझ्या वर्गातली पोरं सगळीच्या सगळी पास झाली, तेव्हा तीही माझ्याइतकीच हरखली होती, पण म्हणाली काय, तर "बरी हायेत." आणि संध्याकाळी मात्र गुपचूप माझ्या पानात सगळ्यात मोठं पापलेट वाढलं. त्याची शेपटी मोडलेली होती, हे सांगायला नकोच.

आता तिच्या नवऱ्याविषयी सांगते. तो होडीचा तांडेल, म्हणजे होडीवरचा मुख्य. होडी कुठं न्यायची, जाळं कधी टाकायचं, कधी परत फिरायचं, हे तांडेल ठरवतो. आणि हा नुसत्या आपल्या होडीचा नव्हे, साऱ्या दांडीचा तांडेल होता. पहाटे होड्या ढकलण्याआधी लोक त्याच्या ओटीवर येऊन विचारायचे, आज कसं? तो वाऱ्याकडे तोंड करून उभा राहायचा आणि एका शब्दात सांगायचा. 'जावा' नाहीतर 'नको'. त्याच्या डाव्या कानाची पाळी कातरलेली होती. अर्धा चंद्र. मी एकदा काकीला विचारलं, तर म्हणाली, "लग्नात जाम चकचकीत दिसत व्हता. सगल्या बाया बगत व्हत्या त्याच्याकडं." पुढचं मी विचारलं नाही. खरं-खोटं देव जाणे, पण पाळी कातरलेली होती एवढं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

मी दांडीला जायच्या आधीच त्याच्या अंगावरून वारं गेलं होतं. उजवं अंग लुळं पडलं, तोंड वाकडं झालं, शब्द जड झाले. होडी मुलगा चालवायला लागला. आणि लोक ओटीवर यायचे बंद झाले. कुणी मुद्दाम अपमान केला असं नाही. पण खाटेवर पडलेल्या माणसाला वारा कुठला विचारायचा, असं प्रत्येकाच्या मनात आलं असणार. तांडेलानं बोलणंच टाकलं. दाढी करायला न्हावी यायचा, त्याला हातानंच परत पाठवायचा. भिंतीकडे तोंड करून दिवस काढायचा. काकी त्याला भरवताना मोठमोठ्यानं गावच्या गोष्टी सांगायची, तोही ऐकायचा की नाही कोण जाणे. मला त्या घरात सगळ्यात अवघड वाटायचं ते हेच, एकाचं बोलणं आणि एकाचं गप्प राहणं.

तर काकीनं ट्रान्झिस्टर घेतला तो ह्या माणसासाठी. विजेच्या केंद्राच्या कामावर माणसं वाढली, तिची मासळी तिथं जायला लागली, हातात थोडे पैसे खेळायला लागले. कुणीतरी तिला सांगितलं की मुंबईच्या रेडिओवर दर्यावरच्या लोकांसाठी हवामान सांगतात. झालं! पालघरला जाऊन ती ट्रान्झिस्टर घेऊनच आली. पांढऱ्या प्लास्टिकचा, सोनेरी जाळीचा, वर चामड्याचा पट्टा. दांडीतला पहिलाच. सगळी आळी गोळा झाली. काकीनं त्याला हळदकुंकू वाहिलं, अडकित्ता काढला आणि त्याच्या उजव्या कोपऱ्याचा कपचा कटकन उडवला. मी डोळे मिटून घेतले होते. मग तिनं तो तांडेलाच्या डाव्या हाताशी ठेवला. त्यानं चाचपडत तो कोपरा शोधला, त्यावर अंगठा फिरवला आणि वाकड्या तोंडानं म्हणाला, "आपलाच हाय."

कितीतरी दिवसांनी त्या घरात त्याचा आवाज ऐकला आम्ही. काकी आत चुलीपाशी गेली ती बराच वेळ बाहेरच आली नाही.

पुढचे महिने काय सांगू! पहाटे हवामान लागायचं आणि तांडेल त्याच्याशी भांडायचा. रेडिओ म्हणायचा वारा मध्यम राहील. हा म्हणायचा, "तुला काय म्हायत, मुंबयला बसून?" ते ऐकायला आधी शेजारी आले, मग होडीवाले आले, मग ओटीवर बसायला जागा पुरेना. रेडिओचं बोलणं संपलं की सगळे तांडेलाकडे बघायचे. तो आपल्या जड जिभेनं एकच शब्द सांगायचा. 'जावा' नाहीतर 'नको'. तो पुन्हा रोज दाढी करून घ्यायला लागला. काकी सगळ्यांना कोरा चहा द्यायची, आणि कुणी "तीटबाय, तांडेल बरा झाला की!" म्हटलं की खेकसायची, "गप! बरा हाय, इतकाच बोल."

आणि श्रावणात, नारळी पौर्णिमा तोंडावर आलेली असताना, ट्रान्झिस्टर मुका झाला. नवे सेल घातले, तरी मुकाच. काकी तो फडक्यात गुंडाळून पालघरला घेऊन गेली. गॅरंटी होती वर्षाची, वर्ष व्हायला अजून अवकाश होता. दुकानदार शेठ माणूस वाईट नव्हता, पण त्यानं तो कोपरा पाहिला आणि हात वर केले. "मावशी, बाहेरून तुटलेल्या मालाला कंपनी गॅरंटी देत नाही. मी काय करू?" बोईसरचा रेडिओवाला म्हणाला, मी उघडला तर उरलीसुरली गॅरंटीही जाईल.

काकी परत आली आणि गावात कुजबूज सुरू झाली. लोकांच्या जिभेला हाड नसतं. कुणी म्हणालं, हिनंच अडकित्ता लावला, बंद पडणार नाही तर काय? कुणी म्हणालं, नवी वस्तू अशी तोडतात का? आणि पाणवठ्यावर एका बाईनं त्याच्याही पुढची पायरी गाठली. म्हणाली, "नवऱ्यालापन हिनंच तीट दिलेली ना? त्याचा काय झाला बगा." हे मी स्वतः ऐकलं. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी कळशी तिथंच ठेवून त्या बाईला सुनावलं, मास्तरीण आहे हे विसरून सुनावलं. पण ते शब्द काकीपर्यंत पोचायचे ते पोचलेच.

मला वाटलं होतं ती पाणवठ्यावर जाऊन भांडेल. ती भांडली नाही. तिनं अडकित्ता चंचीतून काढून फळीवर ठेवला. मुलानं होडीसाठी नवं वल्हं आणलं, त्याला तिनं हात लावला नाही. सुपारी दातांनी फोडायला लागली. संध्याकाळी ओटीवर माझ्याजवळ बसली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "बाय, तू शिकलेली हायस. खरा सांग. माज्या हातानं झाला असेल काय?" मी नाही, नाही म्हटलं, पण यंत्राचं मला काय कळतंय? आणि ती नुसतं ट्रान्झिस्टरचं विचारत नव्हती, हे मला चांगलं कळत होतं.

आत खाटेवर तांडेल होता. दाढी पुन्हा वाढलेली, तोंड भिंतीकडे. होडीवाले यायचे थांबलेच होते. त्यानं आमचं बोलणं ऐकलं असणार, कारण आतून खाटेच्या लाकडावर थापट मारल्याचा आवाज आला. आम्ही धावत आत गेलो. त्यानं तोंड आमच्याकडे फिरवलं होतं. डाव्या हातानं त्यानं आपली कातरलेली पाळी धरली, काकीला दाखवली आणि शब्द शोधत शोधत म्हणाला, "ही घेऊन... इतकी वर्सं... चाललो नाय मी?"

काकीनं पदरानं नाक पुसलं, फळीवरून अडकित्ता उचलला आणि मला म्हणाली, "उद्या शालेला सुट्टी टाक. पालघरला जायाचा हाय."

सुट्टी टाकायला मला एका पायावर तयार व्हावं लागलं, कारण दुसरा पर्याय तिनं ठेवलाच नव्हता. शेठनं मागं बोलता बोलता सांगितलं होतं की कंपनीचा साहेब महिन्यातून एकदा मुंबईहून दुकानात येतो. तो दिवस नेमका उद्याचा. आम्ही विजेच्या केंद्राच्या कामावरच्या ट्रकातून बोईसरला आलो आणि तिथून गाडीनं पालघरला. वाटेत मी मनातल्या मनात भाषण तयार केलं. 'महोदय, सदर उपकरण' अशी सुरुवात होती, चांगलं भारदस्त.

दुकान बाजारात, स्टेशनापासून जवळच. घड्याळं, पंखे, बॅटऱ्या आणि काचेच्या कपाटात ट्रान्झिस्टरांची रांग. साहेब खुर्चीवर बसला होता. तरुण, गळ्यात टाय, समोर स्क्रू काढायच्या हत्यारांची पेटी. काकीनं फडकं सोडून ट्रान्झिस्टर त्याच्यापुढे ठेवला. त्यानं तो उचलला, कोपरा पाहिला आणि न उघडताच परत ठेवला.

"मार लागलेला आहे. याला गॅरंटी लागू होत नाही."

"मार नाय," काकी म्हणाली. "तीट हाय."

"काय आहे?"

मी पुढे झाले. "महोदय, सदर उपकरण..." काकीनं मला कोपरानं बाजूला सारलं. माझं भाषण तिथंच संपलं ते आजतागायत कुणी ऐकलेलं नाही.

"साहेब, तुमाला पोर हाय?"

"मुलगी आहे. का?"

"तिला तीट लावता?"

साहेब जरा गोंधळला. "आई लावते माझी."

"मंग पोरीला ताप आला तर डागदर काय बोलतो? गालाला काला डाग हाय, मी हिला तपासनार नाय?"

दुकानात आलेली गिऱ्हाइकं हसली. एकदोन जण रस्त्यावरून आत आले. शेठ काउंटरमागे कासावीस होऊन म्हणाला, "मावशी, जरा हळू." पण साहेबही हट्टी होता. तो म्हणाला, "बाई, ते मूल आहे, हे यंत्र आहे. प्लास्टिक तुटण्याएवढा दाब पडला की आतलं काहीही निखळू शकतं. तुम्ही तोडलात म्हणूनच हा बंद पडला."

मला त्याचा राग आला तो काकीचा चेहरा पाहून. जे ती स्वतःला विचारत होती, तेच त्यानं चारचौघांत, टाय घालून, ठामपणे सांगितलं होतं. तिचा हात वर गेला आणि तिनं स्वतःच्या कानाची पाळी चिमटीत धरली. मग हात खाली आला.

"शेट," ती म्हणाली, "असाच एक नवा काडा बगू. वाजवून दाखवा."

शेठला वाटलं बाई आता दुसरा घेते. त्यानं लगबगीनं कपाटातून तसाच पांढरा ट्रान्झिस्टर काढला, सेल घातले, खुंटी फिरवली. दुकानभर गाणं वाजायला लागलं.

"आवाज वाडवा."

शेठनं वाढवला. रस्त्यावरचे आणखी चार लोक थांबले. काकीनं चंचीत हात घातला. मला कळलं. मी "काकी, नको!" म्हणेपर्यंत अडकित्ता बाहेर आला होता आणि नव्याकोऱ्या ट्रान्झिस्टरचा कोपरा त्यात सापडला होता. कटकन आवाज झाला. पांढरा कपचा उडून साहेबाच्या मांडीवर पडला.

शेठ "अरे देवा!" म्हणून खुर्चीत बसला. आणि ट्रान्झिस्टर आपला गातोच आहे! एक सूर इकडचा तिकडे नाही. काकीनं कमरेवर हात ठेवले आणि गाणं सगळंच्या सगळं वाजू दिलं. घाई म्हणून केली नाही. गाणं संपलं, दुसरं लागलं, तेव्हा ती साहेबाकडे वळली.

"मुका झाला?"

साहेबानं मांडीवरचा कपचा उचलला. कपच्याकडे पाहिलं, गाणाऱ्या डब्याकडे पाहिलं, काकीकडे पाहिलं. आणि हसायला लागला. आधी टायच्या आत, मग खदखदून. मग त्याच्यामागून सगळं दुकान हसलं. फक्त शेठ सोडून.

"द्या तो जुना," साहेब म्हणाला. त्यानं स्क्रू काढले, मागचं झाकण उघडलं आणि बारीक डोळे करून आत पाहत राहिला. काकी त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होती. तिचे ओठ हलत होते, बहुतेक एकवीरेला काहीतरी कबूल करत असावी. शेवटी साहेबानं हत्याराच्या टोकानं एक तार उचलून दाखवली. "हा इथला सांधा. कारखान्यातूनच कच्चा आलाय, म्हणून सुटला. कोपऱ्याशी याचा काही संबंध नाही. ही आमची चूक आहे."

"काय बोललाव?"

"आमची चूक आहे, बाई."

"मोट्यानं बोला. ह्या मास्तरनीला आयकू दे. गावात सांगायला पायजे."

साहेब उठून उभा राहिला आणि खरोखरच मोठ्यानं म्हणाला, "बाहेरच्या खुणेनं आतलं बिघडलेलं नाही. गॅरंटी लागू आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. आयुष्यात मी पुष्कळ समारंभांना गेले, पण टाळ्या वाजवून हात एवढे लाल कधी झाले नाहीत.

मग शेठची पाळी. तो काकुळतीनं म्हणाला, "पण मावशी, हा कातरलेला नवा आता माझ्याकडून कोण घेणार?"

"मी घेनार," काकी म्हणाली. "कातरल्याबिगर मी घेत बी नाय."

साहेबानं जुना मुंबईला न्यायचा, त्याच्या बदल्यात कंपनीनं शेठला नवा पाठवायचा आणि हा काकीनं घेऊन जायचा, असं तिथल्या तिथं ठरलं. निघताना साहेबानं तो कपचा खिशात घातला. म्हणाला, मुलीला दाखवीन. शेठचंही काही बिघडलं नाही. त्या दिवसाची गोष्ट अशी पसरली, की दांडी, घिवली, पार कुंभवलीपर्यंतचे लोक ट्रान्झिस्टर घ्यायचा तर त्याच्याकडेच जायला लागले, आणि घेतल्यावर म्हणायचे, "शेट, कोपरा?" पुढे शेठनं गल्ल्याशेजारी स्वतःचा एक अडकित्ता ठेवला होता. तो मी पाहिला आहे.

आम्ही दांडीला पोचलो तेव्हा दिवे लागायला आले होते. बातमी आमच्या आधीच गावात शिरली होती, ओटीवर माणसं जमली होती. पाणवठ्यावरची ती बाईही मागं उभी होती. काकी कुणाशी बोलली नाही. सरळ आत गेली आणि ट्रान्झिस्टर तांडेलाच्या हाताशी ठेवला.

त्यानं उजवा कोपरा चाचपला. कोपरा गुळगुळीत, अभंग. त्याचा हात थांबला, चेहरा उतरला. "हा... आपला नाय," तो म्हणाला. घाईघाईत काकीनं डावा कोपरा कातरला होता! काकीनं त्याचा हात आपल्या हातात घेतला आणि दुसऱ्या बाजूला नेऊन ठेवला. त्याचा अंगठा त्या अर्ध्या चंद्रावरून एकदा फिरला, पुन्हा फिरला. मग तोच हात वर गेला आणि त्यानं आपल्या डाव्या कानाची पाळी चाचपली.

"त्याच बाजूला," तो म्हणाला.

"हा," काकी म्हणाली. "आनि साहेब काय बोलला म्हायत हाय? बाहेरच्या खुनेनं आतला बिगडत नाय. मोट्यानं बोलला. इचार मास्तरनीला."

तिचा आवाज फुटला तसा तिनं पाठ फिरवली आणि उगाचच फळीवरचे डबे इकडचे तिकडे करायला लागली. मी तांडेलाला सगळी हकिगत सांगितली, माझ्या भाषणाचं काय झालं ते सोडून. तो हसला तेव्हा त्याचं वाकडं तोंड मला पहिल्यांदा सरळ वाटलं. आणि मग तो म्हणाला, "न्हाव्याला बोलाव."

नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे ओटीवर पाय ठेवायला जागा नव्हती. रेडिओनं हवामान सांगितलं. तांडेलानं त्याला एक शिवी हासडली, सवयीप्रमाणे. मग सगळे त्याच्याकडे वळले. खाट ओटीवर आणलेली, अंगात धुतलेला सदरा, दाढी गुळगुळीत केलेली. त्यानं वाऱ्याकडे तोंड केलं, जरा थांबला आणि म्हणाला, "जावा."

माणसं आरडाओरडा करत उठली. तेवढ्यात काकी आतून आली आणि सगळ्यांच्या मधे उभी राहून तिनं नवऱ्याकडे नीट पाहिलं.

"जाम चकचकीत दिसतोय," ती म्हणाली.

सगळ्यांची नजर तिच्या चंचीवर. तांडेलानं डोळे बारीक केले आणि आपला चांगला हात हळूच उरलेल्या कानावर ठेवला. काकीनं चंचीला हात लावलाच नाही. कंदिलाच्या काचेवरची काजळी तिनं बोटावर घेतली, आणि साऱ्या गावासमोर त्याच्यापुढे वाकली. तांडेलानं गाल पुढं केला.